अनाईमुडीच्या माथ्यावर झाडं का नाहीत?

शाळेच्या भूगोलात एक ओळ सगळ्यांनी पाठ केलेली असते: दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर अनाईमुडी, उंची २,६९५ मीटर. एक गुण मिळतो आणि विषय संपतो. पण त्या शिखराचा फोटो कधी नीट पाहिला, तर उंचीपेक्षा दुसरीच गोष्ट डोळ्यांत भरते. शिखराच्या उतारांवर झाडं नाहीत. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा केरळातला डोंगर, खाली मुन्नारला हिरवेगार चहाचे मळे, आणि वर मैलोन्‌मैल नुसतं गवत!

आणखी निरखून पाहिलं, तर गवताच्या मध्ये मध्ये गडद हिरवे पुंजके दिसतात. जिथे डोंगराला घडी पडली आहे, घळ आहे, ओहोळ आहे, तिथे दाट जंगल. घडीबाहेर पुन्हा गवत. या दोहोंमध्ये झुडपांचा पट्टा नाही की विरळ होत जाणारी झाडी नाही. एक पाय गवतात आणि दुसरा जंगलात ठेवून उभं राहता येईल, इतकी ती सीमा ठसठशीत असते. एकच डोंगर, एकच पाऊस, मग ही अशी वाटणी कोणी केली? या प्रश्नावर वनस्पतिशास्त्रज्ञ शंभरहून अधिक वर्षं भांडत आले आहेत. आता त्याचं बरंचसं उत्तर हाती आलं आहे, आणि ते कळलं की डोंगराकडे बघायची नजर बदलते.

आधी जागा समजून घेऊ. अनाईमुडी केरळच्या इडुक्की भागात, मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान तसं लहान, ९७ चौरस किलोमीटरचं. जवळच ‘अनाईमुडी शोला’ नावाचं वेगळं राष्ट्रीय उद्यानही आहे, त्यामुळे अनेकांचा घोळ होतो. शिखर मात्र एराविकुलममध्येच. अण्णामलाई, पळणी आणि वेलदोड्याच्या टेकड्या या तीन डोंगररांगा इथे एकत्र येतात. नावाचा अर्थ सरळ आहे: ‘आना’ म्हणजे हत्ती आणि ‘मुडी’ म्हणजे माथा.

हत्तीच्या मस्तकासारखा हा गोल आकार आपल्याकडच्या डोंगरांना का नाही, तेही इथेच सांगतो. महाराष्ट्रातला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, सपाट माथ्याचे आणि ताशीव कड्यांचे. अनाईमुडीचा खडक ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा. तो जमिनीच्या पोटात खोलवर, प्रचंड दाबाखाली तयार झाला आणि आपल्या काळ्या पाषाणापेक्षा कोट्यवधी वर्षांनी म्हातारा आहे. वरचं ओझं झिजून गेलं की असा खडक कांद्यासारखा पापुद्रे टाकत सुटत जातो आणि गोलसर पाठ उरते. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे हे शिखर तिच्याहून एक किलोमीटरभर उंच. उत्तरेकडचे हिमालयासारखे पर्वत आणि ईशान्येकडचे डोंगर सोडले तर भारतात याच्यापेक्षा उंच काही नाही. अनाईमुडीवरून निघून याहून उंच जमीन गाठायची, तर वाटेत समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीपर्यंत खाली उतरावंच लागतं. चहूबाजूंनी उष्ण सखल प्रदेश आणि मधोमध वर आलेला थंड माथा. शास्त्रज्ञ अशा जागांना ‘आकाशातली बेटं’ म्हणतात. हा थंडावा लक्षात ठेवा, कारण कोड्याची किल्ली त्यातच आहे.

घडीतल्या त्या जंगलाला ‘शोला’ म्हणतात. तमिळमधल्या ‘सोलै’ या शब्दावरून हे नाव आलं. शोलात शिरलं की उजेड एकदम मंदावतो. झाडं फार उंच नसतात, पण फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की वर छप्परच तयार होतं. खोडांवर शेवाळ, दगडफूल आणि नेचे. पायाखाली काळी, ओलसर, पाय रुतेल अशी माती. पावसाळा संपून महिने लोटले तरी इथून पाणी झिरपत राहतं. पाच पावलं बाहेर आलं की लख्ख ऊन, वारा आणि कमरेपर्यंतचं गवत.

आता कोड्याकडे वळू. झाडं बियांनी पसरतात. शोलातली पाखरं फळं खाऊन बिया गवतात टाकतच असतात. पाऊस भरपूर, माती बरी. तरीही हजारो वर्षांत जंगल गवतात का घुसलं नाही?

डिसेंबर-जानेवारीतली रात्र डोळ्यांसमोर आणा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली ऊब वर फेकू लागते. डोक्यावर ढग असते, तर त्यांनी ती ऊब थोडी परत पाठवली असती. पण आभाळ मोकळं असल्यामुळे ऊब थेट निघून जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ ज्या पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या पहाटे हेच घडलेलं असतं. अनाईमुडीच्या परिसरात हे दर हिवाळ्यात पुन्हा पुन्हा होतं. गवताच्या पातीपातीवर पांढरे हिमकण दिसतात आणि जमिनीलगतचं तापमान शून्याखाली जातं. काही तासांनी ऊन चढलं की त्याच जागी अंगातला स्वेटर काढावासा वाटतो.

शोलातलं झाड मुळात उष्ण प्रदेशातलं. गारठा त्याला चालतो, गोठणं चालत नाही. बोटभर उंचीच्या रोपाच्या पानात पेशी गोठल्या की त्या फाटतात, आणि सकाळचं कडक ऊन उरलेलं काम पुरं करतं. पावसाळ्यात उगवलेलं रोप हिवाळा ओलांडतच नाही. गवताचं तसं नसतं. त्याची वाढ ज्या टोकातून होते, ते टोक जमिनीलगत, जुन्या पानांच्या झुबक्यात सुरक्षित असतं. वरची पाती करपली तरी बुंधा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो.

इथे चाणाक्ष वाचक अडेल. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत घळीत जाऊन साचते. मग हिमकणांचा मारा घळीत जास्त हवा, आणि जंगल तर नेमकं तिथेच आहे! ही शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर त्या छपरात आहे. शोलाच्या दाट फांद्या पांघरुणासारखं काम करतात. जमिनीतून निघालेली ऊब पानांना धडकून परत खाली येते. त्यामुळे बाहेर गवत गोठत असतं, तेव्हा आत, त्याच उंचीवर, तापमान सहसा शून्याच्या वर टिकतं. म्हणजे रोपाला जगायला ऊब हवी, ऊब टिकायला छप्पर हवं, आणि छप्पर व्हायला रोप जगायला हवं. जिथे जंगल आधीपासून आहे, तिथे ते स्वतःला सांभाळतं. जिथे नाही, तिथे ते सुरूच होऊ शकत नाही. एकाच हवामानात दोन्ही व्यवस्था पक्क्या, आणि सहजासहजी एक सोडून दुसरीत जाता येत नाही. घळीत ओल जास्त, माती खोल आणि वारा कमी, म्हणून कधीकाळी जंगलाला तिथेच पाय रोवता आले असणार.

हे नुसत्या तर्काने ठरवलेलं नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी निलगिरीच्या पठारावर, म्हणजे याच जातीच्या भूभागात, शोलाच्या झाडांची रोपं गवतात लावून पाहिली आणि तापमान मोजत राहिले. २०२० साली त्यांनी निष्कर्ष मांडले: गवतात रात्री पारा शून्याखाली घसरत होता आणि देशी झाडांची रोपं मोठ्या प्रमाणात दगावत होती. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वॅटल नावाच्या झाडाची रोपं मात्र तगत होती. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतोच.

या वाटणीत आगीचाही हात आहे. उन्हाळ्यात वाळलेलं गवत पटकन पेटतं आणि हिवाळ्यातून चुकून वाचलेली रोपं त्यात जातात. शोलाच्या कडेशी आली की आग आतल्या ओलीमुळे विझते. पण मुख्य पहारेकरी म्हणजे हिवाळी रात्र.

मग शंभर वर्षांचं भांडण कशावरून होतं? अनेकांना वाटायचं, की हे डोंगर मुळात जंगलाचेच. माणसाने जनावरं चारून आणि आगी लावून जंगल मारलं, आणि गवत ही त्या जखमेवरची खपली. हे मत वरवर पटण्यासारखं आहे, आणि त्याचे परिणाम फार वाईट झाले. ‘इथे जंगल होतंच’ असं एकदा ठरलं, की ‘मग झाडं लावा’ हे ओघानेच येतं.

निवाडा दिला दलदलीने. निलगिरीच्या पठारावर काही खोलगट जागी पाणी साचून राहतं. तिथे मेलेली पानं पूर्ण कुजत नाहीत, त्यांचा काळा थर वर्षानुवर्षं साचत जातो. त्याला पीट म्हणतात. जितकं खोल जावं, तितका जुना काळ. आता झाड आणि हे गवत यांत एक छुपा फरक आहे. हवेतल्या कार्बनचे दोन भाऊ असतात, एक हलका आणि एक किंचित जड. झाडं जड भावाला बऱ्यापैकी टाळतात. उष्ण कटिबंधातली बरीच गवतं वेगळ्या पद्धतीने अन्न बनवतात, त्यांच्यात जड भावाचं प्रमाण जास्त राहतं. पान कुजून काळं झालं तरी ही खूण पुसली जात नाही. म्हणून पीटचा चिमूटभर नमुना घेतला, की तो साचला तेव्हा आजूबाजूला झाडं जास्त होती की गवत, हे सांगता येतं.

शास्त्रज्ञ रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नमुन्यांचा अभ्यास १९९३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं, की सुमारे २०,००० ते १६,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंड आणि कोरड्या काळात, इथे गवताचं राज्य होतं. पुढे सुमारे ११,००० वर्षांपूर्वी पाऊस वाढला, तसं जंगल पसरलं. मग पुन्हा कोरडा काळ आला आणि गवत वाढलं. या डोंगरांवर शेती आणि गुरं येण्याच्या कितीतरी आधीपासून गवत आणि शोला एकमेकांना रेटत इथेच नांदत होते. हे गवत जंगलाइतकंच मूळचं रहिवासी आहे. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण ‘पडीक’ या एका सरकारी शब्दाने या डोंगरांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुऱ्हाडीनेही केलं नसेल.

या गवतावर कोण कोण जगतं ते पाहा. एराविकुलमचं सगळ्यांत प्रसिद्ध जनावर म्हणजे निलगिरी ताहर. स्थानिक नाव ‘वरैयाडू’, म्हणजे कड्यावरची शेळी. दिसायला शेळी खरी, पण जनुकांच्या तपासणीत ती मेंढीची जवळची नातलग निघाली, म्हणून २००५ नंतर तिला शास्त्रीय वर्गीकरणात स्वतंत्र घर मिळालं. राजमला या उद्यानातल्या पर्यटकांच्या भागात, रस्त्यावर हे कळप माणसांना बिचकत नाहीत. वयात आलेला नर काळपट तपकिरी असतो आणि त्याच्या पाठीवर खोगीर ठेवावं तसा चंदेरी पट्टा उमटलेला असतो. ताहर उघड्यावर चरते आणि बिबट्या किंवा रानकुत्र्यांची चाहूल लागली की जवळच्या गुळगुळीत कातळावर चढून बसते, जिथे दुसऱ्या कोणाचा पाय ठरत नाही. म्हणजे तिला चरायला गवत हवं, पळायला कडा हवा, आणि दोहोंच्या मध्ये दूरवर दिसायला हवं. झाडी वाढली की तिन्हींची पंचाईत होते. जगात ही जात फक्त केरळ आणि तामिळनाडूच्या डोंगरांत उरली आहे, अडीच हजारांच्या आसपास. त्यातल्या आठशेच्या आसपास एकट्या एराविकुलममध्ये आहेत. पाडसांच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान पर्यटकांना बंद ठेवतात. एरवीही राजमलापर्यंतच जाता येतं, शिखराची वाट सर्वांना खुली नाही, आणि ते योग्यच आहे.

याच गवतात नीलकुरिंजी फुलते, बारा वर्षांतून एकदा. १९९४, २००६, २०१८, आणि आता २०३०. ही आपल्या कारवीची बहीण. सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे गणित नवं नाही: सगळी झुडपं एकाच वर्षी फुलतात, बी धरतात आणि मरतात. दरवर्षी थोडं थोडं बी धरलं असतं, तर खाणाऱ्यांनी ते संपवलं असतं. एकाच वेळी डोंगरभर बी सांडलं, की खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतं. असं एकजुटीने फुलण्याचं हे सर्वांत पटणारं कारण. इथले मुथुवन आदिवासी कुरिंजीच्या फुलण्यावरून वय मोजत, असं सांगतात.

पण मला सगळ्यांत जास्त ओढ वाटते ती एका बेडकाची. २०१० साली शास्त्रज्ञ बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाईमुडीच्या माथ्यावरून त्याची नवी जात म्हणून नोंद केली: राओर्केस्टिस रिस्प्लेंडेन्स. अंगठ्याएवढा जीव, झगझगीत शेंदरी रंग, पाठीवर फुगीर गाठी, आणि पाय इतके आखूड की तो उड्या मारण्यापेक्षा रांगतोच. गवताच्या झुबक्यांत आणि बुटक्या बांबूंत तो राहतो. या कुळातल्या बेडकांना डबकं लागत नाही. शेपटीवाली पिल्लं पाण्यात पोहण्याची पायरीच ते गाळतात, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. त्याचा सगळा मुलूख या शिखराच्या माथ्याभोवतीचा, तीन चौरस किलोमीटरही नाही, असं आधी मानत; नंतर तो एराविकुलममध्येच आणखी काही जागी सापडला, पण जगभरात दुसरीकडे कुठेही नाही. त्याच्या चहूबाजूंना उष्ण उतार आहेत, जे त्याला उतरता येत नाहीत. आकाशातलं बेट म्हणतात ते यालाच.

आणि पाणी. गवताची घट्ट मुळं आणि शोलाची काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून घेतात आणि उन्हाळाभर सोडत राहतात. इथले काही ओढे पश्चिमेला पेरियारला मिळून अरबी समुद्रात जातात. पूर्वेकडचे पांबार, अमरावती असं करत कावेरीला आणि तिथून बंगालच्या उपसागरात. एकाच कुरणात पडलेल्या दोन थेंबांना दोन वेगळे समुद्र मिळू शकतात.

एवढी मोठी चहाची लागवड शेजारी असताना हा तुकडा वाचला कसा? मळेवाल्या साहेबांनी तो शिकारीसाठी राखून ठेवला होता आणि राखणीला मुथुवन माणसं नेमली होती. १९७१ च्या कायद्याने केरळ सरकारने कण्णन देवन टेकड्यांची, म्हणजे मुन्नारभोवतीच्या मळ्यांच्या डोंगरांची, जमीन परत घेतली. १९७५ मध्ये इथे अभयारण्य झालं आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात एराविकुलमचाही समावेश आहे.

शेजारच्या डोंगरांचं नशीब असं नव्हतं. ‘पडीक’ गवतावर चामडं कमावायला लागणाऱ्या सालीसाठी वॅटल लावली, जळणासाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी लावली. आपण मराठीत ज्याला निलगिरी म्हणतो, ते झाड निलगिरी पर्वताचं नव्हेच. तेही ऑस्ट्रेलियाचं, तिथे नेऊन लावलेलं. ब्रिटिशांनी सुरुवात केली आणि स्वातंत्र्यानंतर आपण जोमाने पुढे नेली. अनाईमुडीला लागून असलेल्या पळणी डोंगरांची जुनी-नवी उपग्रहचित्रं ताडून पाहिल्यावर दिसलं, की चार दशकांत तिथला गवताळ प्रदेश जवळपास दोन-तृतीयांश घटला. मुख्य कारणं दोनच, लावलेली झाडं आणि शेती. कुऱ्हाडीने नव्हे, तर बहुतांशी झाडं लावून, आपण एक मोठी परिसंस्था घालवली.

वॅटलचं सामर्थ्य कशात आहे, ते वरच्या प्रयोगात आलंच: तिचं रोप हिमकणांत मरत नाही. हजारो वर्षं ज्या पहारेकऱ्याने दार राखलं, त्याला ही पाहुणी जुमानत नाही. त्यात आता हवाच तापते आहे. रात्री गोठण्याइतक्या थंड होण्याचं प्रमाण कमी झालं, तर पहारा आणखी ढिला पडेल. मग शोलाची देशी झाडंच पसरतील, चांगलंच आहे की, असं कोणी म्हणेल. पण शोलाची झाडं सावकाश वाढतात आणि वॅटल भराभरा. मोकळी झालेली जागा आधी तिच्याच हाती लागते.

म्हणून मुन्नारच्या परिसरात आता वॅटल काढायचं काम चालू आहे. ते दिसतं त्यापेक्षा चिवट आहे. झाड तोडलं की भागत नाही, कारण तिचं बी मातीत अनेक दशकं जिवंत पडून राहतं आणि आग लागली की उलट जोमाने उगवतं. तोडलेल्या जागी पहिल्याच पावसात रोपांचा गालिचा उठतो. तो हाताने उपटायचा, पुढच्या वर्षी पुन्हा उपटायचा, आणि असं वर्षानुवर्षं करत राहायचं. मधल्या मोकळ्या मातीत शेजारच्या कुरणातून आणलेले गवताचे ठोंब एकेक करून लावायचे, भाताची लावणी करतात तसे, वाकून.